चांदणीच्या अर्जाची पोच

सुभाष देवरुखकरांचा देवावर विश्वास होता, पण अर्जावर त्याहून अंमळ जास्त होता. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक शाखेत काढलेला माणूस. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि आणणाऱ्याला त्याच्या प्रतीवर पोच द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर गिरगावातली खोली विकून ते बायकोला, मृणालिनीबाईंना, घेऊन मीरा रोडला राहायला आले, तेव्हा देवघराच्या खालोखाल जपून आणलेली वस्तू म्हणजे पोचपावत्यांची फाईल होती.

सोसायटीसमोरचा दिवा गेला, अर्ज. गटाराचं झाकण चोरीला गेलं, अर्ज. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ असं त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात सुरू झालं की शेजारीपाजारी तोंड लपवून हसत. पण दिवा लागायचा, हेही खरं. सहा महिन्यांनी का होईना, लागायचा, आणि काका पोच काढून सगळ्यांना दाखवून यायचे. कचेऱ्यांमधले शिपाई त्यांना लांबून ओळखत आणि ‘पोचवाले काका आले’ म्हणत. मुलगा पराग कॅनडाला गेला तेव्हा त्याचे सगळे फॉर्म काकांनी स्वतः वाचून, तपासून भरले होते. काही वर्षांत पराग तिथे कायमचा राहायला मोकळा झाला. “एकही रकाना कोरा नव्हता,” काका सांगत. पोराच्या हुशारीपेक्षा त्यांना त्या रकान्यांचं कौतुक जास्त.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं ते एखाद्या लबाड माणसाच्या हातून झालंच नसतं.

चांदणी त्यांच्या घरात पहिल्यांदा आली ती आईचा पदर धरून. आई सुफिया त्यांच्याकडे भांडी घासायला यायची. बांगलादेशातली, खुलनाकडची. नवरा गेल्यावर तीन वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन ती हद्द ओलांडून आली होती. कशी आली, हे तिने कधी नीट सांगितलं नाही आणि देवरुखकरांनी कधी नीट विचारलं नाही. पोर मात्र गोड होती. ओट्याखाली बसून मृणालिनीबाईंचे शब्द उचलायची. सहा वर्षांची झाली तशी काकांनी तिला पालिकेच्या मराठी शाळेत घातलं. जन्माचा दाखला नव्हता, तर ‘यथावकाश सादर करण्यात येईल’ असा अर्ज दिला. हेडमास्तर भले होते. अर्ज घेतला आणि पोरीलाही घेतलं.

सातवीत असताना तिची आई काविळीने गेली. चांदणी शेजारच्या म्हाताऱ्या जरीकारागिराच्या घरी राहिली. त्याची नजर गेली होती, पण बोटं शाबूत होती. त्याने तिला आरीचं काम शिकवलं. लाकडी चौकटीवर, म्हणजे अड्ड्यावर, कापड ढोलासारखं ताणून बसवायचं. वरच्या हाताने आकडीची सुई खुपसायची आणि खालच्या हाताने, कापडाच्या आडून, तिला दोरा पुरवायचा. बघणाऱ्याला वरचाच हात दिसतो. “पण सगळं खालच्या हातावर असतं, काकू,” चांदणी सांगायची. “तो चुकला ना, की वरचा नुसता भोकं पाडत बसतो.”

मृणालिनीबाई तेव्हा बेडरूममध्ये मशीन टाकून फॉल-पिको करत. फावल्या वेळचा उद्योग, भाजीचा खर्च सुटला तरी खूप. अठरा वर्षांच्या चांदणीने एक दिवस त्यांच्याच जुन्या पैठणीच्या ब्लाउजपीसवर मोर भरून आणला. बाईंनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि जाऊन देवापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी मशीन एका कोपऱ्यात सरकलं आणि बेडरूममध्ये अड्डा आला. काका हॉलमध्ये झोपायला लागले.

पुढे भाईंदर पश्चिमेच्या धर्माजी पाटलांच्या मुलीचं लग्न आलं. धर्माजी मूळचे मिठागरवाले. मिठागरं गेली, त्या जागी गाळे आणि भाडी आली, आणि लग्नं होती त्याहून मोठी झाली. नवरीच्या ब्लाउजच्या पाठीवर चांदणीने वरात भरली, पालखी, भोई, घोडा, आणि खाली नवरानवरीची नावं. हळदीला आलेल्या बायकांनी नवरीचं तोंड कमी आणि पाठ जास्त बघितली म्हणतात. महिन्याभरात देवरुखकरांच्या जिन्यात चपला मावेनात. शेवटी धर्माजींनीच हाटकेश औद्योगिक वसाहतीतला आपला एक गाळा भाड्याने दिला. “ताई, घरान काय करताव? धंदा हाय तर धंद्यासारखा करा,” म्हणाले.

गाळ्यात एकाचे चार अड्डे झाले. माणसं हवीत म्हणून चांदणीने शिकवायला घेतलं. विनिता आली, तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती आणि घरात दोन शाळकरी पोरं. तिच्यामागून तिची जाऊ आली, मग चाळीतल्या आणखी बायका. चार वर्षांत अकरा जणी बोटांनी कमवायला लागल्या. ब्लाउज शिवायला भूपेश टेलर बांधला गेला, त्याने दोन मशिनं वाढवली. स्टेशनजवळचा मोतीवाला आता गाळ्यावर माल पोचवून जायचा. लग्नसराईत पुण्या-नाशिकहून नवऱ्या मुली यायच्या. पाटी लागली, ‘मृणालिनी ब्लाउज’. सरकारचा कर वेळच्या वेळी भरला जायचा, कारण तो काका भरत. या सगळ्याच्या मुळाशी बावीस वर्षांची एक पोर खाली मान घालून बसलेली असायची, आणि तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. पगार पाकिटातून, मोबाईलचं सिम विनिताच्या नावावर, खोली तिसऱ्याच कुणाच्या.

तिला स्वतःला याचं फारसं वाटत नसे. पण एकदा विनिताने बँकेत खातं उघडलं आणि पेढे घेऊन पासबुक दाखवायला आणलं. ते हातोहात फिरत चांदणीकडे आलं. तिने ते खूप वेळ धरून ठेवलं, आतला फोटो बघितला, नावावरून बोट फिरवलं. मग हात पुसून परत दिलं आणि कामाला लागली. संध्याकाळी काका कुलूप लावायला आले तेव्हा ती दारातच उभी होती.

“काका, माझं पण काही होईल का? फार नको. एखादं कार्ड फक्त.”

काकांनी कुलूप खाली ठेवलं. इतक्या वर्षांत पोरीने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

सोपा रस्ता होता. तो धर्माजींनी लगेच दाखवला. “आपला मानूस हाय. दोन दिवसांत कार्ड हातान. कोनाला पत्ता लागाचा न्हाय. आरं, अर्धा गाव त्यावरच चाललाय!” चांदणीने त्यासाठी पैसेही बाजूला काढले होते. पण काका उखडले. “खोटा कागद घेऊन जन्मभर घाबरत जगायचं का पोरीने? धर्माजी, तुम्ही यात पडू नका. आपण रीतसर जाऊ. मी अर्ज करतो.”

“अहो, निदान एखाद्या वकिलाला तरी दाखवा,” मृणालिनीबाई म्हणाल्या.

“वकील काय सांगणार? लपवा म्हणून सांगणार. आपल्याला लपवायचंय काय?”

लपवायचं सगळंच होतं, हे त्या घरात चांदणीलाच तेवढं कळत होतं. पण ज्या माणसाने नुसत्या अर्जावर आपल्याला शाळेत बसवलं, त्याच्यापुढे ती काय बोलणार? तिने मान डोलावली आणि बाजूला काढलेल्या पैशांतून अकरा जणींना दिवाळीत एकेक स्टीलचा डबा घेऊन टाकला.

तीन दिवस काका अर्ज लिहीत होते. विषय: वास्तव्य नियमित करून मिळणेबाबत. त्याखाली मुद्दे, क्रमवार. आईचं नाव, गावाचं नाव, हद्द ओलांडली ते साल. ‘अर्जदार तीन वर्षांची अज्ञान बालिका असल्याने सदर कृत्यात तिचा दोष नाही.’ चौथा मुद्दा लिहिताना तर त्यांचं त्यांनाच भरून आलं. ‘अर्जदार हिच्या कौशल्यामुळे अकरा स्थानिक महिलांस कायम रोजगार प्राप्त झाला असून, एका शिंपी व्यावसायिकाचा व्यवसाय वाढला आहे, तसेच शासनास नियमित महसूल मिळत आहे. सबब अर्जदार ही शासनावर भार नसून शासनाच्या उपयोगाची आहे.’ हे वाक्य त्यांनी मृणालिनीबाईंना दोनदा वाचून दाखवलं.

सही करताना चांदणी पेन धरून थांबली. “काका, गावाचं नाव लिहायलाच पाहिजे का? मला ते गाव आठवत पण नाही.”

“माहिती अपुरी असली की अर्ज परत येतो, बाळ.”

तिने सही केली. मराठीत, शाळेत शिकवलेल्या वळणाने.

कचेरीतल्या कारकुनाने अर्ज पुढूनमागून पाहिला. “काका, हे आमच्याकडे येत नाही बहुतेक.”

“मग कुणाकडे येतं?”

“ते बघावं लागेल.”

“बघा, आणि वर पाठवा. पण आधी पोच द्या.”

पोच मिळाली. गोल शिक्का, नंबर, तारीख. काकांनी खाली उतरून झेरॉक्सवाल्याकडे त्या पानाची छोटी प्रत काढली, लॅमिनेट केली आणि गाळ्यावर नेऊन चांदणीच्या हातावर ठेवली. “हे घे. सरकारदरबारी तुझी नोंद झाली. आता लपायचं कारण नाही.” चांदणीने ती प्रत मोबाईलच्या कव्हरात मागच्या बाजूला घातली. दिवसातून दोनदा ती काढून बघायची. मोतीवाल्यालासुद्धा दाखवून झाली.

काका दर पंधरा दिवसांनी चौकशीला जात. ‘विचाराधीन आहे,’ असं उत्तर मिळे. परत येताना ते मुद्दाम गाळ्यावर उतरायचे. “विचाराधीन आहे म्हणजे चांगलंच आहे. नामंजूर असता तर तसं कळवलं असतं.” चांदणी हसायची आणि काकांसाठी चहा मागवायची. तीन महिने असे गेले, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तिन्ही महिने ती फार सुखात होती. पूर्वी रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की ती दुकानाच्या पायरीवर चढून उभी राहायची. आता तिने ते सोडून दिलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, डबे खाऊन बायका पुन्हा अड्ड्यावर बसत होत्या, तेव्हा खाली गडबड उडाली. पोलिसांची तपासणी आली होती. खालच्या प्लॅस्टिकच्या गाळ्यातली पोरं मागच्या भिंतीवरून उड्या टाकून पळाली. विनिता उठली आणि तिने चांदणीच्या दंडाला धरलं.

“चल ऊठ, मागच्या जिन्याने माझ्या घरी जा. चावी घे.”

“कशाला गं ताई? माझ्याकडे कागद आहे ना.”

“अगं, ऊठ तर आधी!”

“मी पळाले तर काका काय म्हणतील?”

अड्ड्यावर एका नवरीचं वांगी रंगाचं ब्लाउज होतं, अर्धा मोर भरून झालेला. चांदणी उठली नाही. साहेब आत आल्यावर तिने मोबाईलचं कव्हर उघडलं आणि लॅमिनेट केलेली पोच दोन्ही हातांनी पुढे केली. त्या अख्ख्या इमारतीत न मागता कागद काढून देणारी ती एकटीच होती. साहेबाने वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, “हे तू स्वतः दिलंयस?”

“हो,” ती अभिमानाने म्हणाली. “नंबर पण आहे बघा त्यावर.”

काका फाईल घेऊन धावत पोलीस ठाण्यात गेले, मागून मृणालिनीबाई. चांदणी आतल्या बाकावर, एका महिला शिपायाच्या शेजारी बसली होती. काकांना बघून तिचा चेहरा उजळला. साहेबाने काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं. वाईट माणूस नव्हता तो, उलट थकलेला होता. त्याने काकांच्या फाईलमधली अर्जाची प्रत मन लावून वाचली.

“काका, एवढं स्वच्छ प्रकरण आमच्याकडे येत नाही हो. गाव, आई, साल, सगळं आहे. खाली तिची सही. आम्हाला चौकशी करायला काही ठेवलंच नाहीत तुम्ही.”

“पण तो चौथा मुद्दा वाचा ना साहेब. अकरा बायकांचा रोजगार.”

“वाचला.” साहेबाने कागद मिटला. “त्याला आमच्याकडे रकाना नाही.”

काकांनी तो पुन्हा उलगडून चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवलं.

“आता तुमचं बोलूया,” साहेब आवाज खाली आणून म्हणाला. “माहीत असून कामावर ठेवलीत, तर बाईंवर गुन्हा दाखल होतो. गाळ्याचा भाडेकरार त्यांच्या नावावर, धंदा त्यांच्या नावावर. हा अर्ज तिचा आहे, सही तिची आहे, अक्षर कुणाचं हे कुणी विचारणार नाही. तुम्ही एका कागदावर लिहून द्या, आम्हाला माहिती नव्हतं, तिने खरं सांगितलं नाही. बाईंना घरी न्या.”

मृणालिनीबाईंनी पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि मान खाली घातली. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आतल्या बाकाकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं.

‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ त्यांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, मोत्यासारखं. ‘सदर महिलेने आम्हांस आपल्या वास्तव्याबाबत खरी माहिती दिली नाही.’ आम्हांसवरचा अनुस्वारही त्यांनी न चुकता दिला. त्यांना स्वतःची शिसारी आली.

आत चांदणी महिला शिपायाला सांगत होती, तिचा आवाज बाहेर नीट ऐकू येत होता. “ते बघा, काका लिहितायत. आता होईल. शाळेत पण असंच लिहिलं होतं त्यांनी.”

कागद पुरा झाला. टेबलाजवळचा शिपाई काकांना ओळखत होता. त्याने सवयीने शिक्का उचलला. “काका, पोच देऊ ना?”

“नको,” काका म्हणाले.

चांदणीला आठवड्याभरात पुढे नेलं, आणि तिथून आणखी पुढे. हद्दीपार कुठे, कधी सोडलं, हे कुणी कळवलं नाही. काकांनी विचारलंही नाही. वांगी ब्लाउजवरचा अर्धा मोर विनिताने पुरा करायचा प्रयत्न केला. तो शेपटापाशी इतका बेढब झाला की नवरीची आई गाळ्यात उभी राहून वाट्टेल ते बोलून गेली. पुढच्या लग्नसराईत दोन अड्डे घडी करून भिंतीला लागले. अकरातल्या सात जणी घरी बसल्या, विनिता एका शॉपिंग सेंटरमध्ये फरशी पुसायला लागली. भूपेशने एक मशीन विकलं. धर्माजी गाळा परत घ्यायला आले तेव्हा पायरीवरच बसले. “मी बोललो व्हतो ना साहेब. मानूस व्हता माझा. पोर आज इथं बसली असती.” काकांनी किल्ली दिली.

बेडरूममधला कोपरा पुन्हा मशीनने भरला. मृणालिनीबाई फॉल-पिको करू लागल्या. सोसायटीसमोरचा दिवा पावसात गेला तो गेलाच, लोक अंधारात मोबाईल धरून चालत. काकांनी त्याचा अर्ज लिहिला नाही.

दिवाळीच्या आधी, दुपारी, एका लांबलचक नंबरवरून फोन आला. काकांना वाटलं पराग.

“काका? मी चांदणी. दुसऱ्याचा फोन आहे, पटकन बोलते. काकू बरी आहे ना? तो मोर झाला का पुरा?”

“झाला,” काका म्हणाले. “छान झाला.”

“इथे माझ्याशी कोणी नीट बोलत नाही. मला इथलं बोलणं बरोबर येत नाही ना, हसतात. सुई पण नाही मिळाली अजून तशी.” ती थांबली. मागे कुणीतरी फोन मागत होतं. “काका, तुम्ही त्या दिवशी पोलीस ठाण्यात लिहिलात ना, त्या अर्जाचं काय झालं?”

समोर मृणालिनीबाईंनी मशीन थांबवलं.

“विचाराधीन आहे, बाळ.”

“म्हणजे चांगलंच आहे,” चांदणी म्हणाली. तिचा आवाज एकदम हलका झाला. “पोच घेतलीत ना?”

“घेतली,” काका म्हणाले.